चावडीचा रेडिओ, दादाची गिटार

दूध सोसायटीच्या सेक्रेटरींकडं मी रेडिओ मागायला गेलो, पण सरळ मागितलाच नाही. आधी दुधाचं फॅट मोजायच्या मशीनबद्दल बोललो, मग मशीनच्या वायरबद्दल, मग वायर कुरतडणाऱ्या उंदरांबद्दल. ताकाला जाऊन भांडं लपवायची सवय माझी जुनीच. शेवटी तेच म्हणाले, त्या कोपऱ्याकडं सारखा काय बघतोस, रेडिओ न्यायचा असेल तर ने, नाहीतर आता त्यात कोंबडी बसवायचीच बाकी आहे.

तो रेडिओ मूळचा चावडीतला. सागवानी लाकडाची पेटी, लहान ट्रंकेएवढी. पुढं सोनेरी धाग्याचं कापड, खाली चार बटणं, आणि मधे काचेची पट्टी, तिच्यावर दुनियेतल्या शहरांची नावं. बातम्यांच्या वेळी गाव चावडीत बसायचं आणि आमच्या वस्तीतली माणसं समोरच्या लिंबाखाली उभी राहायची. आत येऊ नका असं कुणी म्हटल्याचं मला आठवत नाही. या म्हटल्याचंही आठवत नाही. माझ्या वडिलांनी सगळं जग त्या लिंबाखाली उभं राहून ऐकलं. पुढं घरोघरी ट्रान्झिस्टर आले, चावडीतला रेडिओ दूध सोसायटीच्या खोलीत गेला, तिथं बंद पडला, आणि वडीलही तोवर गेले होते.

मी तो डोक्यावर घेऊन वस्तीत आलो तेव्हा मायनं आधी पदरानं काच पुसली. मग चारी बाजूंनी फिरून बघितलं.

"लई बारका हाय की," ती म्हणाली. "लांबून मोठा वाटायचा."

मला रेडिओ दुरुस्त करायचा नव्हता. मला त्याच्या पेटीत दादाच्या गिटारसाठी अॅम्प्लिफायर बसवायचा होता. बेंबळीच्या अलीकडच्या आमच्या गावात तोवर कुणी गिटार पाहिली नव्हती आणि अॅम्प्लिफायर म्हटलं की लोकांना लग्नातला कर्णाच आठवायचा. तेव्हा आधी दादाचं सांगितलं पाहिजे.

दादा माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. आमच्या वस्तीची गायन पार्टी होती. पेटीवर बुवा, तेच मुख्य गायक. दोन ढोलक्या, एक झांज, आणि बेंजोवर दादा. बेंजो म्हणजे तारांचं वाद्य. उजव्या हातानं तारा छेडायच्या आणि डाव्या हातानं टाइपरायटरसारखी बटणं दाबायची. दादाचा डावा हात बटणांवरून असा पळायचा की बुवा गाता गाता थांबून त्याला वाट करून देत. जयंतीला आसपासच्या पाच-सात गावांतून आमच्या पार्टीला बोलावणं यायचं.

बहात्तरच्या दुष्काळात सगळं गाव खडी फोडायला गेलं. तिथं एक दगड घसरला आणि दादाच्या डाव्या हाताची मधली दोन बोटं गेली. दादा त्याबद्दल कधी कडू बोलला नाही. त्याच्या वाटचा कडूपणा मीच बाळगला. माझ्या नाकावर तसाही राग असायचा.

बुवांनी त्याला टाकलं नाही, हे खरं. प्रत्येक कार्यक्रमाला ते दादाला घेऊन जात. पण काम काय, तर सतरंजी अंथरायची, कार्यक्रम झाला की गुंडाळून खांद्यावर टाकायची. आठ वर्षं दादानं सतरंजी वाहिली. गायन सुरू झालं की तो मागं भिंतीला टेकून बसायचा आणि उरलेली बोटं मांडीवर दाबत राहायचा, बटणं दाबल्यासारखी. ते मला बघवायचं नाही. मी उठून बाहेर जायचो आणि लोकांना वाटायचं, याला गाण्याचं वेड नाही.

त्या आठांतल्या सहाव्या वर्षी बेंबळीला एका लग्नात सोलापूरचा बँड आला. त्यातला एक माणूस खुर्चीवर बसून मांडीवर गिटार आडवी घेऊन वाजवत होता. डाव्या हातात लोखंडी कांडी, ती तारांवरून नुसती सरकवायची, बटणं दाबायची भानगडच नाही. कांडी धरायला अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट पुरे. दादाची नेमकी ती दोन्ही धड होती. त्या दिवशी दादा जेवला नाही. पंगती उठेपर्यंत तो त्या माणसासमोर उकिडवा बसून होता. पुढच्या महिन्यात तो सोलापूरला गेला आणि स्वतःचा बेंजो त्या माणसाला देऊन त्याची जुनी गिटार घेऊन आला. वहिनी दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. तिचं म्हणणं, बेंजो घरात होता तोवर निदान खुंटीला तरी होता.

दीड वर्ष दादानं त्या गिटारशी झटापट केली. हळूहळू सूर लागायला लागले. घरात बसून ऐकलं तर डोळे मिटावेत असं वाजवायचा. पण दोन ढोलक्यांपुढं त्या गिटारचा आवाज म्हणजे तापात पडलेल्या माणसाचा आवाज. चार हातांवर काही पोचायचं नाही.

दादा बुवांकडं गेला. मी सोबत होतो. बुवा करारी माणूस, बोलणं मोजून. गळ्याला फार जपत. त्यांचा एक पितळी तांब्या होता, ओल्या फडक्यात गुंडाळलेला, आत ज्येष्ठमधाचं पाणी. कार्यक्रमात तो पेटीच्या उजव्या अंगाला असायचा आणि त्याला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. स्वतःच्या नातवालाही त्यांनी त्यातला घोट कधी दिला नव्हता. चार-चार तास ते त्या एका तांब्यावर गात. त्यांनी दादाचं सगळं ऐकून घेतलं.

"जयंतीला एक गाणं देतो," ते म्हणाले. "शेवटचं. ऐकू आलं पायजे आन् सूर निर्मळ पायजे. दोन्हीतलं एक बी न्हाय झालं, तर पुन्हा मला इचारायचं न्हाय."

दादा म्हणाला, व्हय. घरी येताना वाटेत त्यानं मला विचारलं, तुझ्या त्या विद्येतून काही निघतं का बघ.

माझी विद्या म्हणजे धाराशिवला आयटीआयमध्ये केलेला वायरमनचा कोर्स आणि नंतर दोन वर्षं तिथल्या एका रेडिओच्या दुकानात काढलेला वेळ. आता मी गावातच सकाळ-संध्याकाळ सोसायटीत फॅटचं मशीन चालवत होतो आणि मधल्या वेळात लोकांचे ट्रान्झिस्टर उघडत होतो. उघडलेले सगळेच पुन्हा बंद व्हायचे असं नाही. मी एसटीनं धाराशिवला गेलो आणि दुकानातल्या उस्तादांना विचारलं. त्यांच्याकडं बंद पडलेल्या एका टुरिंग टॉकीजचा मोडका अॅम्प्लिफायर होता. त्यातला ट्रान्सफॉर्मर आणि बल्बसारखे काचेचे तीन व्हॉल्व्ह त्यांनी मला वर्तमानपत्रात गुंडाळून दिले, कागदावर जोडणीचा नकाशा काढून दिला आणि निघताना म्हणाले, "अर्थिंग बराबर करना. नहीं तो बाजे से पहले डिब्बा रोएगा." मी मान हलवली. आयटीआयवाल्याला अर्थिंग काय शिकवता, असं मनातल्या मनात म्हणालो.

चावडीचा रेडिओ उघडला तर आत कुंभारणीची मातीची घरं, पालीची अंडी आणि कुरतडलेलं कापड. आतलं सगळं गेलेलं होतं. चांगला होता तो स्पीकर, मोठ्या ताटाएवढा. जुना सांगाडा काढून टाकला. नव्या सांगाड्याला पत्रा पाहिजे होता, तो सोसायटीतल्या एका फुटक्या दुधाच्या कॅनचा कापला. अॅल्युमिनियमला सोल्डरचा डाग बसत नाही, म्हणून जिथं तिथं नटबोल्ट लावले. उन्हात बसलं की त्या पत्र्याला आंबूस दुधाचा वास यायचा आणि शेजारची मांजर दिवसभर माझ्याभोवती फिरायची.

मायची एकच अट होती. काचेच्या पट्टीमागचा दिवा लागला पाहिजे. मी तिला समजावलं की आता यात स्टेशनं नाहीत, काटा नुसता शोभेला, दिव्याचा काही उपयोग नाही.

"दिवा न्हाय तर रेडिओ कशाचा?" ती म्हणाली.

दिवा लावला.

खरं काम होतं गिटारच्या तारांखाली बसवायच्या कॉइलचं. तीच तारांची थरथर पकडून पेटीत पाठवते. दुसऱ्या एका फुटक्या स्पीकरचं लोहचुंबक घ्यायचं आणि त्याच्याभोवती केसापेक्षा बारीक तांब्याची तार पाच हजार वेळा गुंडाळायची. हातानं गुंडाळायला बसलो, दोनशे वेढ्यांना तार तुटली. पुन्हा बसलो, तीनशेला तुटली. मी ती फेकून दिली. वहिनीनं ती उचलून आणली. तिच्याकडं शिलाई मशीन होतं, वस्तीतल्या बायकांची पोलकी ती शिवायची. मशीनच्या चाकाशेजारी बॉबिन भरायची जागा असते. तिनं माझ्याकडून बॉबिनच्या मापाची पातळ लाकडी चकती करून घेतली, ती तिथं बसवली आणि दोन बोटांच्या चिमटीतून तार सोडत चाक फिरवायला लागली. शंभर वेढे झाले की एक चिंचोका डबीत टाकायची. दोन दिवसांत पन्नास चिंचोके झाले. तार एकदाही तुटली नाही. "भावजी, तार दोऱ्यावानी धरायची, दाव्यावानी न्हाय," एवढंच ती म्हणाली. दोरा आणि दावं यातला फरक मला तोवर कुणी सांगितला नव्हता.

सगळं जोडलं. घराच्या मागं खड्डा खणून त्यात लोखंडी नळी उभी केली, कोळसा आणि मीठ भरलं आणि पेटीची अर्थिंगची वायर त्या नळीला बांधली, अगदी आयटीआयच्या पुस्तकाप्रमाणं. जयंतीला पंधरा दिवस होते. बटण दाबलं. काचेमागचा दिवा लागला. व्हॉल्व्ह हळूहळू तांबूस झाले. दादानं गिटार मांडीवर घेतली, कांडी टेकवली आणि एक तार छेडली.

आवाज आला. एवढा मोठा की वस्तीतल्या शेळ्या उठून उभ्या राहिल्या. पण त्याच्या आधीपासून आणि त्याच्या नंतरही पेटीतून एक घुंऽऽ येत होतं, मधमाश्यांच्या पोळ्याजवळ कान नेल्यासारखं. दादाचा सूर त्यात पोहत होता, कधी वर, कधी खाली. शिवाय कांडी तारेला लागली की त्याच्या हाताला मुंग्या यायच्या. तो माझ्याकडं बघून हसला, म्हणजे मला बरं वाटावं म्हणून. त्या हसण्यानं मी जास्तच पेटलो.

मी म्हणालो, कॉइल चुकली आहे. वेढे कमी पडले असणार, चिंचोके मोजताना गोंधळ झाला असणार. नाचता येईना, अंगण वाकडं. वहिनी मशीनवर बसली, सगळे पन्नास चिंचोक्यांचे वेढे उलटे सोडले आणि पुन्हा गुंडाळले. या वेळी प्रत्येक चिंचोका टाकताना माझ्याकडं बघून मोठ्यानं आकडा म्हणत होती. मी कॉइल बसवली, बटण दाबलं. तेच घुं, तसूभरही कमी नाही.

"आता?" ती हाताची घडी घालून म्हणाली. "अजून कुणाचं चुकलंय?"

मी तीन दिवस सगळे जोड सोडवून पुन्हा जोडले. उपयोग शून्य. चौथ्या दिवशी दुपारी जेवणं झाली, दादा कंटाळून एकच तार वाजवत बसला होता आणि मी पेटीत डोकं घालून बसलो होतो. अचानक घुं बसलं. पूर्ण नाही, पण पोळ्यातल्या निम्म्या माश्या उडून गेल्यासारखं. मी दादाला विचारलं, काय केलंस? तो म्हणाला, काही नाही. मी बाहेर गेलो तर माय घराच्या मागं नळीजवळ खरकटं पाणी ओतून ताट उपडं करत होती.

सगळं ध्यानात आलं आणि कान गरम झाले. वायर जमिनीत पुरली म्हणजे अर्थिंग झालं असं नाही; जमिनीत ओल पाहिजे, तरच ती पेटीतलं नको ते ओढून घेते. त्या वर्षी पावसानं दडी मारली होती आणि आमच्याकडची मुरमाड जमीन भाजलेल्या खापरासारखी झाली होती. उस्ताद हेच सांगत होते. मी मायला म्हणालो, अजून एक तांब्या ओत.

"पाणी काय वाटंवर पडलंय व्हय?" माय म्हणाली आणि ताट घेऊन आत गेली.

ते खरंच होतं. टँकर तिसऱ्या दिवशी यायचा आणि घरटी घागरी ठरलेल्या. भाज्या धुतलेलं पाणी शेळीला, धुण्याचं पाणी अंगणात शिंपायला, असं एकेक थेंबाचं ठरलेलं होतं. अर्ध्या तासात नळीजवळची जागा वाळली आणि घुं परत आलं. मी वहिनीपुढं जाऊन म्हणालो की कॉइल बरोबर होती, चुकलो मी. ती म्हणाली, पहिल्यापासून बरोबर होती. माफी मागणाऱ्याला तिनं तेवढंच दिलं आणि तेवढंच मला मिळायला हवं होतं.

मी दादाला उपाय सांगितला. समाजमंदिरात गायन, तिथं खड्डा खणायचा, आणि गायन सुरू व्हायच्या आधी वस्तीतून घरटी एक तांब्या पाणी मागून चार-पाच घागरी त्यात ओतायच्या. लोक देतील.

दादानं गिटार खाली ठेवली. तो चिडायचा नाही, पण त्या दिवशी त्याचा आवाज बदलला.

"प्यायचं पाणी मातीत घालून म्या वाजवू? न्हाय जमायचं. सतरंजी उचलंन."

मला त्याचा राग आला आणि त्याच्यासाठी रडूही आलं. आठ वर्षं थांबलेला माणूस चार घागरींसाठी मागं फिरत होता, आणि त्याचं चुकतंय असंही म्हणता येत नव्हतं. मी पेटीवर चादर टाकली. चादर दोन दिवस तशीच राहिली.

तिसऱ्या दिवशी टँकर येऊन गेला आणि माय घागरी लावता लावता म्हणाली की तू खड्डा कुठं खणायचा म्हणतोस? मी म्हणालो, समाजमंदिराच्या मागं. ती म्हणाली, पुढं का नाही, पिंपळाशी?

समाजमंदिरापुढं आम्ही तीन वर्षांमागं पिंपळाचं रोप लावलं होतं. माझ्या छातीइतकं झालं होतं. पावसाचं खरं नव्हतं म्हणून वस्तीत एक रीत पडली होती: समाजमंदिरात काही जेवणखाण झालं की प्रत्येकानं हात त्या रोपाच्या आळ्यातच धुवायचे, दुसरीकडं नाही. येताजाताही कुणाचा तांब्या रिता करायचा असला तर तळातलं पाणी पिंपळाला. त्या रोपासाठी वेगळी घागर कुणी कधी भरली नव्हती आणि रोप तरी जगलं होतं. सगळ्या वस्तीत ओली म्हणावी अशी ती एकच हातभर जागा होती. मी रोज दोनदा तिच्याशेजारून जात होतो.

मी फावडं घेऊन निघालो. कोळशाची पाटी घेतली, मिठाची पिशवी घेतली. माय मागून आली आणि तिनं पिशवी काढून घेतली.

"मीठ न्हाय घालायचं. झाड मरंल."

मी म्हणालो, पुस्तकात मीठ सांगितलंय, मिठाशिवाय ओल टिकत नाही. ती म्हणाली, पुस्तक लिहिणाऱ्यानं पिंपळ लावला नव्हता. मी नुसता कोळसा घातला, मुळांना धक्का न लावता आळ्याच्या कडेला नळी ठोकली आणि वायर खिडकीतून आत घेतली. पेटी आणून लावून बघितली. घुं नव्हतं. दादानं कांडी सरकवली आणि पहिल्यांदा तो सूर नुसता सूर म्हणून ऐकू आला. हाताला मुंग्याही नव्हत्या. दादानं एकच ओळ चार वेळा वाजवली. मी खिडकीच्या गजाला धरून उभा होतो, आणि मला वाटलं की आपण फार मोठे इंजिनियर आहोत. हे वाटणं जयंतीपर्यंत टिकलं.

जयंतीच्या दिवशी सकाळी मिरवणूक झाली, दुपारी पंगती उठल्या. सगळ्या वस्तीनं पिंपळाच्या आळ्यात हात धुतले. त्या दिवशी पाहुणेही होते, त्यामुळं आळं चिखल होईपर्यंत भिजलं. मी दर पंगतीला जाऊन बघून येत होतो. वहिनी म्हणाली, भावजी, लोकांना वाटंल तुमी हात मोजताय.

रात्री लाईटचा भरवसा नसायचा म्हणून गायन ऊन कलतानाच सुरू केलं. समाजमंदिर भरलं, माणसं ओट्यावर बसली. सोसायटीचे सेक्रेटरी आले, रस्त्यावर उभे राहिले. माय दारातच होती. तिनं त्यांना हात केला आणि म्हणाली, या की आत, उभं का? ते आले आणि सतरंजीवर बसले. आपण दिलेला रेडिओ दिव्यासकट समोर बघून त्यांनी मला खूण केली, कोंबडी कुठंय म्हणून.

बुवा त्या दिवशी सुरेख गायले. पण त्यांनी दादाचं गाणं शेवटी ठेवलं होतं, आणि एप्रिलचा वारा सुटला होता. तीन तास तो झळांचा वारा त्या आळ्यावरून वाहत राहिला. मी खिडकीतून बघत होतो. आधी आळ्यावरची चकाकी गेली, मग काळा रंग गेला, मग बारीक भेगा दिसायला लागल्या. उठून पाणी आणायला जावं तर कुणाच्या घरातून आणणार, आणि दादाला कळलं तर तो वाजवणार नाही. मी बसून राहिलो.

दादा पुढं आला. आठ वर्षांनी तो बुवांच्या पेटीशेजारी बसला. त्यानं गिटार मांडीवर घेतली, मी बटण दाबलं. दिवा लागला, व्हॉल्व्ह तापले आणि त्यांच्याबरोबर घुं आलं. फार नाही. पण समाजमंदिर शांत होतं आणि सगळ्यांना ऐकू आलं. बुवांनाही. त्यांनी पेटीच्या भात्यावरचा हात थांबवला आणि माझ्याकडं बघितलं.

खोटं बोलायची सोय नव्हती. मी म्हणालो, "बुवा, बाहेर आळं वाळलंय. वायर त्यात हाय. ओल न्हाय म्हणून आवाज येतोय."

दादानं कांडी तारांवरून उचलली. तो गिटार खाली ठेवणार होता. त्याचा खांदा हलला, सतरंजी उचलायला वाकताना हलायचा तसा; ते हलणं मी आठ वर्षं ओळखत होतो.

बुवांनी उजव्या अंगाचा तांब्या उचलला. ओलं फडकं सोडलं. अजून शेवटचं गाणं गायचं होतं, त्यांचा गळा तीन तासांत तापला होता आणि तांब्यात निम्मं पाणी होतं. त्यांनी एक घोटही न घेता तो माझ्या हातात दिला.

"जा, वत," ते म्हणाले. "सगळं."

मी बाहेर जाऊन तो तांब्या नळीच्या बुडाशी रिकामा केला. ज्येष्ठमधाचा वास आला. मागून सेक्रेटरी आले, त्यांच्या हातात पाहुण्यांसाठी ठेवलेला पेला होता, त्यांनी पिऊन उरलेलं ओतलं. मग ओट्यावरचे दोघं-तिघं आले. कुणी घागर आणली नाही. ज्याच्या हातात जे तळाशी होतं, ते त्यानं रोजच्या रितीनं पिंपळाला दिलं. आतून घुं कमी होत गेलं आणि मग गेलंच.

दादा वाजवायला लागला होता. मी आत गेलो नाही, खिडकीशीच उभा राहिलो. दोन ढोलक्या, झांज, पेटी आणि त्या सगळ्यांच्या वरून तो सूर. बुवांचा गळा कोरडा पडला होता. दुसऱ्या कडव्याला त्यांचा आवाज वर चढेना, तेव्हा त्यांनी तो सोडून दिला आणि मान हलवून दादाकडं बघितलं. ती ओळ दादानं वाजवली. तिसऱ्या कडव्यालाही बुवा गायले नाहीत, गाता येत असून. बेंजोच्या दिवसांसारखी त्यांनी वाट करून दिली. मायनं पदर तोंडाला लावला होता. वहिनी चिंचोक्यांची डबी मांडीवर घेऊन बसली होती. ती तिनं कशासाठी आणली होती, हे मी तिला पुढंही कधी विचारलं नाही. मला त्या क्षणी काही म्हणजे काही नको होतं.

गाणं संपलं. माणसं उठली, बोलत बोलत बाहेर पडली. दादानं गिटार भिंतीला टेकवली आणि सवयीनं सतरंजीचं टोक धरलं. बुवा मधोमध बसून होते.

"उठा की बुवा," दादा म्हणाला. "गुंडाळतो."

बुवा उठले नाहीत. त्यांनी मांडी जास्तच घट्ट घातली.

"वाजवणाऱ्यानं आपलं वाद्य उचलावं," ते बसलेल्या गळ्यानं म्हणाले. "सतरंजीला माणसं लई हायत."

दादानं टोक सोडलं आणि गिटार उचलली. सतरंजी मी गुंडाळली. ती इतकी जड असेल असं मला वाटलं नव्हतं.